नाथसागरावरील वावटळीची स्वारी आणि सात पत्र्यांची फत्ते

शके एकोणीसशें बारा, प्रमोदनाम संवत्सरीं, आश्विन मासीं, नाथसागराचे काठीं मौजे खडकवाडी येथें जें तुंबळ वर्तमान जाहलें, तें डोळां पाहिलें तैसें, पारावर ऐकिलें तैसें, आणि सुगंधाबाईंनीं गाळावयास सांगितलें तितकें गाळून येथें लिहिलें असे.

ते समयीं वाळूजेकडे कारखाने उभे राहोन मुलखाचीं पोरें भोंग्याचे हुकुमें उठूं लागलीं, औरंगाबादेंत विद्यापीठाचे नामांतरासाठीं मोर्चे निघत होते, आणि खडकवाडीस राजश्री केरबा मेंढपाळ लेकीचे सोयरिकीचे फिकिरींत होते. वर त्रिंबक, मुक्काम बजाजनगर, कंपनीचा कामगार. लेक सुगंधाबाई, तिची मर्जी पैठणचे बाजारींच त्यावर बसलेली. परंतु वरमाय कडूबाई यांचें फर्मान आलें कीं, गवताचे छपराखालीं आम्ही चहा घेत नाहीं. मग केरबांनीं सात पत्रे आणोन छपरीं चढविले, आणि वंशाची खोड ऐसी कीं, आपली चीज म्हणतांच तिजवर मेंढरासारखा लाल हिरमंजीचा पट्टा ओढावा, म्हणोन पत्र्यांसही ओढिला. पाहुण्यांस दिसों नये यास्तव वरचे अंगास ओढिला. घरांत घमेलें, कंदील, पायताण, कांहीं सुटलें नव्हतें. केरबांचें कुटुंब बानाबाई म्हणत, "मला बी एक ओढा की. हरवले तर सापडंन तरी."

पाहुणे येणार ते दिवशीं सकाळींच नाथसागरावर काळा ढग उतरला, त्यास सोंड फुटली, सोंडेनें पाणी वर ओढिलें आणि भोवरत काठास लागली. काठीं येतां पाणी सांडलें, वारा तेवढा पुढें चालोन आला, आणि पळभरांत मुलूख हैराण केला. सखारामाची होडी पालथी पडली, शाळेचा फळा बोरीवर चढला, तीन कोंबड्या अर्ध्या पिसांनिशीं परतल्या. आणि केरबांचे सातही पत्रे आसमानीं उडोन जमीनदार तात्यासाहेबांचे कडब्याचे गंजीवर उताणे जाऊन बसले.

मग केरबा कूच करोन गंजीपाशीं आले. तात्यासाहेबांचेही गोठ्याचे सात पत्रे उडोन धरणांत बुडाले होते, सबब त्यांनीं गंजीस पाठ लावोन हुकूम सोडिला, "आमचे बी सातच व्हते. वाऱ्यानं जागच्या जागी आणून ठिवले. हात लावू नगा!"

"तात्यासाहेब, पाहुणे येऊन राहिलेत. माझ्या लेकीचं लगीन आडकलंय त्यात!"

"मंग पत्र्यावर तिचं नाव लिवलंय का?"

"नाव नाय. पालथे तर करा."

चौघांनीं पहिला पत्रा पालथा केला, तों लाल पट्टा. दुसरा केला, लाल पट्टा. तात्यासाहेबांनीं सातवा पत्रा खुद्द आपले हातें पालथा केला, आणि खिन्न होऊन बोलिले, "लई हलकट खोड हाय तुझी, केरबा," आणि वाहून न्यावयास आपली बैलगाडी दिली.

इकडे मोर्च्यामुळें शहरांत रस्ता बंद होऊन पाहुण्यांची एस.टी. खोळंबली, हेंच केरबांचें दैव. तरी ते मोठे हिकमती, पुन्हा वारा आला तर पुन्हा तंटा नको म्हणोन एकेका पत्र्यावर ताजी, तेलांत कालवलेली हिरमंजी ओढीत बसले. सहा पत्रे चढले, सातवा ओल्या पट्ट्यानिशीं भुईवर, आणि पाहुणे दारांत! कडूबाईंनीं कमरेवर हात ठेवोन आभाळाचा तेवढा उघडा तुकडा न्याहाळिला. सुगंधाबाई दाराआडून डोकावूं लागल्या.

तों त्रिंबकानें बूट काढिले, कोणास न पुसतां सातवा पत्रा पाठीवर घेतला, शिडी चढोन ठोकिला, आणि खालीं येऊन म्हणाला, "आई, चहा घे आता."

कडूबाईंनीं बशी ओठास लाविली. इतक्यांत त्रिंबक वळला, आणि पांढऱ्या शर्टावर, खांद्यापासोन कमरेपावेतों, लाल पट्टा! बानाबाईंनीं पदर तोंडास लाविला. "विहीणबाई, आता काय इचारता? कळपात आला की तुमचा!"

कडूबाईंस हसतां हसतां ठसका लागोन चहा सांडला, आणि दुसरा कप मागविला, तीच पसंती धरली गेली.

येणेंप्रमाणें वावटळीचा पुरता मोड जाहला. फत्तेची याद : पत्रे सात, जावई एक. आठांवरही पट्टा कायम.