समोरच्या कपाटातला कवडसा

कवडसा पकडायला नजर लागते, आणि ती माझ्याकडे आहे. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

डोंगराआड बुडणाऱ्या सूर्याचे फोटो कुणीही काढतं. तो रोज बुडतो, पळून कुठे जात नाही. मी काढतो ते दाराच्या फटीतून जिन्यावर सांडलेली उन्हाची रेघ, किंवा बादलीतल्या पाण्याने छतावर पाठवलेली उजेडाची थरथर. आत्ता आहे म्हणेपर्यंत गेलेली. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो, बायको बँकेत जाते. त्यामुळे घरात दिवसभर येणारा-जाणारा प्रत्येक उजेड माझ्या ओळखीचा आहे.

म्हणूनच भर दुपारी हॉलच्या भिंतीवर एक परका कवडसा दिसला तेव्हा मी ताडकन उठलो. आमच्या हॉलची खिडकी पूर्वेला. तिथे दुपारी ऊन येणं म्हणजे विझलेल्या शेगडीवर दूध उतू जाणं! हा बोटभर रुंदीचा कवडसा घाईघाईने आला, भिंतीवरून सरकला, सोफ्याच्या पाठीवर जरा थरथरला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पाळत ठेवून फोटो काढायला लागलो. सगळे हललेले.

शेवटी उलगडा झाला. गल्लीपलीकडच्या इमारतीत आमच्या बरोबर समोर एक झोपायची खोली होती. तिथे दुपारचं ऊन थेट आत जायचं आणि समोरच आरशाचं कपाट होतं. कपाटाचं दार कुणी उघडलं की आरसा ते ऊन माझ्या भिंतीवर टाकायचा. दार लागलं की खेळ खलास.

हौशी छायाचित्रकारांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि मला हा कवडसा नीट हवा होता. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर काम होणार होतं. मागायला काय हरकत आहे? संध्याकाळी मी समोरच्यांची बेल वाजवली.

दार उघडलं ते बाईंनी. त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचे यजमान विमा कचेरीत अधिकारी. ते आत पाय पसरून, डोळे मिटून पडले होते. मी नम्रपणे म्हणालो, "दुपारी तुम्ही कपाट उघडता ना, ते जरा जास्त वेळ उघडं ठेवाल का?"

बाई म्हणाल्या, "दुपारी घरात कुणीच नसतं."

विमावाल्यांनी डोळे उघडले.

शहाण्या माणसाने इथेच चप्पल घातली असती. मी आधी काढलेले फोटो दाखवले. बाईंचा चेहरा उतरला. घरात कुणीतरी शिरतंय, या एकाच निष्कर्षावर त्या आल्या. विमावाले मात्र एखाद्या गाडीच्या काचेची चमक असेल म्हणाले, मग ढगांचं काहीतरी म्हणाले, आणि शेवटी माझ्या कॅमेऱ्यातच दोष असेल म्हणाले. हे मला लागलं. माझ्या नजरेबद्दल काय वाटेल ते बोला, पण कॅमेऱ्याबद्दल नाही.

रविवारी मी प्रयोग करून दाखवला. बाईंनी तिकडे कपाट उघडलं, इकडे भिंतीवर कवडसा आला, आणि माझ्या बायकोने फोनवरून त्यांना तसं कळवलं. बाईंनी तातडीने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो व्यायामशाळा चालवतो, आणि दारातून आत येताना थोडा तिरका होऊन येतो. विमावाले दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. घरात चोर शिरतोय म्हटल्यावर माणूस हादरणारच, असं मला वाटलं. त्यांना धीर द्यायला मी म्हणालो, "काळजी करू नका, उद्या पकडतोच त्याला." त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते सांगता येणार नाही.

सोमवारी भाऊ किल्ली घेऊन वरच्या जिन्यात दबा धरून बसला. मी माझ्या भिंतीसमोर. कवडसा दिसला की मी फोन करायचा, असं ठरलं होतं. विमावाल्यांनी त्या दिवशी तरी यायचं टाळायला हवं होतं, पण सवय ही सवयच. कवडसा आला. मी आधी फोटो काढला. आयुष्यातला सगळ्यात चांगला. मग फोन केला.

भावाने आत घुसून कपाटासमोरच्या आकृतीवर पलंगावरची चादर टाकली आणि तो वर बसला. थोड्या वेळाने चादरीखालून आवाज आला, "अरे, मी आहे. लेंगा घालतोय."

"भाऊजी, तुम्ही?" भाऊ म्हणाला. पण उठायला त्याला जरा वेळ लागला.

बाई शाळेतून आल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. विमावाले रोज दुपारी कचेरीतून घरी यायचे, सदरा चुरगळू नये म्हणून कपाटात टांगायचे, मस्त झोप काढायचे आणि परत जायचे. आणि कचेरीत जेवायलाही फुरसत नसते, या सबबीवर संध्याकाळी घरात काडी इकडची तिकडे करत नव्हते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"बढती मिळाल्यापासून," विमावाले म्हणाले.

घराची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली गेली. भाजी, भांडी आणि वाळलेले कपडे त्यांच्या वाट्याला आले. माझा फोटो प्रदर्शनात लागला, पण तिथल्या कुणालाही विमावाले माहीत नसल्यामुळे त्याच्यासमोर फारसं कुणी थांबलं नाही.

पुढच्या आठवड्यात विमावाले मला भाजीवाल्याकडे भेटले. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात दुधी. मी माफी मागणार तेवढ्यात तेच हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मिसेस बँकेतून संध्याकाळीच येतात ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता ते रोज दुपारी आमच्या सोफ्यावर झोपतात. बायको यायच्या आत मी चादरीची घडी करून ठेवतो. माणूस तसा सालस आहे, घोरतोही बेताने. फक्त उजेडात त्यांना झोप लागत नाही, म्हणून हॉलचे पडदे मला बंद ठेवावे लागतात.