टॅम ‘गेला’ तो मंगळवार

सूचना लिहाव्यात तर मीच! आमच्या इन्व्हरकार्गिल शहरात कुणालाही विचारा. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत विचारायला हरकत नव्हती.

मी लिंडसे मॅक्रे. आमची कंपनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात आता एक एआय एजंट बसवलाय. तपासणीची वेळ देणं, बिल काढणं, मालकाला निरोप धाडणं, अशी त्याच्या हाताशी चौदा टूल्स. कुठलं टूल कधी उचलायचं हे तो प्रत्येकाखाली लिहिलेल्या दोन ओळी वाचून ठरवतो. त्या ओळी लिहायच्या मी, आणि त्या वाचून तो बरोबर टूल उचलतो का, याची परीक्षाही घ्यायची मीच! शिकवणारा मी, पेपर काढणाराही मी. निकाल? चाळीसपैकी एकोणचाळीस!

तो एक मार्क मात्र दातात अडकलेल्या मटणासारखा छळत होता. ‘प्राणी मेल्यास मालकाला सांत्वनपत्र आणि फुलं पाठवा,’ असं मी लिहिलं होतं. पण दवाखान्यातली माणसं नोंदवहीत ‘मेली’ असं कधी लिहीतच नाहीत. ‘बिचारी पहाटे गेली’ असं लिहितात. एजंट बुचकळ्यात! मग मी ‘मेल्यास’ खोडून ‘गेल्यास’ केलं. चाळीसपैकी चाळीस!

“लिंडसे,” शेजारच्या टेबलावरून सेफिना म्हणाली. माझ्या कामात खोट काढण्याचाच तिला पगार मिळतो, असा माझा जुना संशय आहे. “तुझ्या चाळीस प्रश्नांत एखादं जनावर बरं होऊन घरी जातं का रे?”

“सांत्वनाच्या प्रश्नात बऱ्या जनावराचं काय काम?”

“तेच तर विचारतेय!”

मी तिला एक गरम चीज रोल दिला आणि तोंड बंद केलं. तिचं.

मंगळवारी सकाळी डॉक्टर मोराग यांच्या दवाखान्यात एजंट सुरू झाला. साडेअकराला त्यांचा फोन.

“लिंडसे, आज माझ्या हातून किती जण मेले, माहितेय?”

“किती?”

“अकरा! नखं कापायला आलेला ससासुद्धा!”

नर्सनं एका कुत्र्याबद्दल प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, ‘बस्टर दहाला गेला.’ घरी गेला हो! एजंटनं तत्परतेनं मी लिहून ठेवलेलं पत्र धाडलं, ‘बस्टरच्या जाण्यानं झालेली पोकळी कधीही भरून येणार नाही.’ मालक गाडीत बसून हे वाचत होता आणि बस्टर त्याचा कान चाटत होता!

घाबरलेल्या माणसानं सूचना लिहू नयेत. मी लिहिली! ‘प्राणी गेला असल्यास तो जिवंत आहे का, हे आधी मालकाला विचारून घ्या.’

एजंट माझ्यापेक्षा आज्ञाधारक. आजवर जे जे जनावर त्या दवाखान्यातून गेलं होतं, त्या प्रत्येकाच्या मालकाला पाच मिनिटांत निरोप, ‘आपला प्राणी अजून जिवंत आहे का? कृपया त्वरित कळवा.’

“लिंडसे!” डॉक्टर किंचाळल्या. “लोक विचारतायत, ‘अजून’ म्हणजे काय? दोघांनी पोलिसांना फोन केलाय!”

सेफिनानं उठून एका शब्दानंही न टोचता ते टूल बंद केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता अकरांची समजूत काढायची. दहा जणांचं जनावर त्यांच्याजवळच होतं. अकराव्या नोलीन गेडिस, वय एक्याऐंशी, राहणार रिव्हरटन. त्यांचा कुत्रा टॅम दात साफ करायला आला होता. शेजारचे ग्रॅहम त्याला घेऊन निघाले खरे, पण वाटेत स्वतःच्या मेंढ्या बघायला थांबले. नोलीनबाई एकट्या, फोन उचलत नव्हत्या. मी गाडी काढली. ‘बाईंचं हृदय कसं असेल?’ एवढा एकच विचार रस्ताभर डोक्यात होता. माझं तर बंदच पडायला आलं होतं.

बाई मागच्या अंगणात सापडल्या. गमबूट घालून, सफरचंदाच्या झाडाखाली, गुडघाभर खड्ड्यात उभ्या.

“नोलीनबाई, टॅम...”

“फुलं आली,” त्या फावड्यावर रेलून म्हणाल्या. डोळे सुजले होते. “पत्र फार सुंदर होतं. कुणी लिहिलं रे?”

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या लिखाणाचं कुणी कौतुक केलं होतं, आणि धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

“मी. पण बाई, टॅम जिवंत आहे! चूक झाली! माझीच!”

तेवढ्यात ग्रॅहमची गाडी दारात आली आणि एक काळंपांढरं वादळ कुंपणावरून थेट खड्ड्यात! बाई मातीतच बसल्या. त्याच्या मानेत तोंड खुपसून इतक्या रडल्या, की मी आणि ग्रॅहम वाळत घातलेले टॉवेल मोजत उभे राहिलो.

मग बाईंनी नाक पुसलं आणि फावडं माझ्या हातात दिलं.

“बुजव.”

एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी बुजवायला लागलो. टॅमला वाटलं, खेळ! मी एक फावडं माती टाकायचो, तो चारही पायांनी दोन फावडी बाहेर उडवायचा. अर्ध्या तासात खड्डा कमरेपर्यंत गेला आणि माझ्या तोंडात पाव किलो माती!

“बाई, हा ऐकत नाहीये!”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “अरे, नीट समजावून सांग की त्याला!”

सांगितलं हो. तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं.