टिकलीवर नेम

शेवंतीने आणि मी शेवटचं मिळून काय केलं, तर सकाळी पत्रावळीवर बंदूक झाडली. मी शेणाने पत्रावळ दरडीला चिकटवली. तिने कपाळावरची टिकली काढून मधोमध लावली, माडाखाली गुडघा टेकून बसली आणि बार काढला. मग दोघांनी जाऊन छऱ्यांची भोकं बघितली. "जरा डावीकडे जाता," ती म्हणाली. घरी येऊन पेज प्याली, आडवी झाली, ती उठलीच नाही.

बायको माझी, पण बंदूक तिची. हळर्ण्याच्या तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून शेतराखणीची एकनळी तिच्या नावावर झाली. पावसाळ्यात काडतुसं दमट होतात, ऐन वेळी फुसकी निघतात. म्हणून दर वर्षी भात पिवळं पडायला लागलं की मिरच्यांच्या सुपाशेजारी काडतुसांचं सूप उन्हात. प्रत्येक पाकिटातलं एक उडवून बघायचं. उडालं तर पाकीट खरं.

हा रोग बंदुकीपुरता राहिला नाही. "आदी बार काडून बगूया," हे कशालाही. पेडण्याच्या बाजारात छत्री घेतली तर तिथेच उघडून वर तांब्याभर पाणी. दुकानदार म्हणायचा, "वयनी, पाऊस तरी पडू दे!" जावई पहिल्यांदा घरी आला, त्याला मुद्दाम चिरलेल्या कपातून चहा दिला. तो बिचारा चिरेवर बोट दाबून प्याला. "चलता," म्हणाली.

मी विचारलं, "आणि माजो बार कदी काडलंस गो?"

"तुमी दमट. तुमी अजून उनातच आसात."

एवढा नेम, पण जन्मात एक रानडुक्कर पडला नाही. शेजारचा भिकू हिणवायचा, "काकी पत्रावळीची शिकारीण!" त्या सकाळी भोकं बघताना मीही तेच बोललो. ती चिडली नाही. टिकली सोडवून परत कपाळाला लावत म्हणाली, "पिलां घेवन येतत ती. बार खंय लागता ता म्हायत नसला, तर चुकवचो कसो?"

म्हणजे इतकी वर्षं बाई चुकवायला शिकत होती. आवाज झाला की डुकरं पळायची, भात राहायचं. बस.

तिला जाळून आलो, तोवर तिन्हीसांजेला डुकरं शेतात शिरलेली. खालचा कोपरा झोपवला होता. आमचा वर्षाचा तांदूळ त्या एका शेताचाच.

सकाळी भिकू आला. "काका, बंदूक दिया. एक पाडतंय, परत येवची नाय. नाय तर भात गेला समजा."

मी चुकवायला गेलो तर कुठे लागेल, देव जाणे. आणि भिकू चुकवणारा नव्हे.

"लायसन तिच्या नावाचा," मी म्हटलं. "ती गेली."

त्यालाच मोटरसायकल काढायला लावली. बंदूक, काडतुसं, सगळं पेडण्याच्या पोलीस ठाण्यात देऊन टाकलं. घरी येऊन विळा घेतला आणि शेतात उतरलो.

"सुतकात?" भिकू बांधावरून ओरडला. "दाणो अजून भरूक नाय, काका!"

"डुकरांक खंय सुतक आसा?"

अर्धं हिरवं, अर्धं पिवळं, कापत गेलो. झोपलेला कोपरा तेवढा त्यांना ठेवला.