भलत्याच बसपुढे पाणी

हे लिहू की नको, यातच माझा अर्धा उन्हाळा गेला. पण रुम्याना मावशी मोबाईलवर हवामानापलीकडे काही वाचत नाही, म्हणून धीर केला.

एकोणीस वर्षांखालच्या पोरांची युरोपची फुटबॉल स्पर्धा यंदा आपल्या बल्गेरियात होती, आणि आपल्या गटाचे सामने चक्क आमच्या गावात. आपला गोलकीपर यासेन म्हणजे मावशीचा एकुलता एक, माझा शाळेपासूनचा दोस्त. आता कुणी परीक्षेला, सैन्यात, कुठंही महत्त्वाच्या कामाला निघालं की आपण उंबऱ्यावर पाणी ओततो. काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. पण संघ उतरला होता हॉटेलात. मग मावशी तांब्याची कळशी घेऊन रस्त्यावरच उभी राहायची आणि बस दिसली की चाकांपुढे पाणी ओतायची. पहिल्या दोन सामन्यांत यासेननं एकही गोल खाल्ला नाही. तरी तो फोनवर करवादायचा, "आईला आवर रे. पोरं मला पाणक्या म्हणतात."

तिसरा सामना नॉर्वेशी. बरोबरी झाली तरी पुढे, हरलो तर घरी. त्यात गावात पाणीकपात. सकाळपासून नळ कोरडे, घरात पाणी उरलेलं तेवढं कळशीतच.

पांढरी बस वळणावर आली. मावशीनं डोळे मिटले, यासेनचं नाव घेतलं आणि कळशी उपडी केली. डोळे उघडले तर खिडकीतून सोनेरी केसांची पोरं खुशीत हात हलवतायत.

नॉर्वेची बस.

मावशी मटकन फुटपाथवर बसली. "पोराचं नशीब मी माझ्या हातानं परक्यांना दिलं रे."

शेजारचे गेंचोकाका म्हणाले, आपली बस यायचीय अजून, दुसरं काहीतरी ओता. मी त्यांच्या घरच्या राकियाकडे बोट दाखवलं. काकांनी बाटली बनियनमध्ये घातली. "दारू रस्त्यावर? पाप लागेल."

तेवढ्यात दुसरी बस वळली. मावशी घरात धावली आणि हिवाळ्यासाठी भरून ठेवलेली चेरीच्या गोड पाण्याची बरणी घेऊन आली. ओतली. रस्ता लालभडक. ड्रायव्हरला वाटलं माणूस चिरडला. त्यानं करकचून ब्रेक मारला, अख्खा संघ समोरच्या सीटवर आपटला. खाली उतरून त्यानं मावशीला जे ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. खिडकीत यासेन टॉवेलनं तोंड झाकून बसलेला.

मैदानात जाऊन बघायचा मावशीला धीर होत नाही, म्हणून सामना आम्ही तिच्याकडे टीव्हीवर पाहिला. नॉर्वेचं सगळं खरंच पाण्यासारखं वाहत होतं. दोनदा त्यांचा चेंडू आपल्या गोलच्या खांबाला लागला. आपले कोच तर सुरुवातीलाच लंगडत आले आणि खुर्चीवर बसूनच ओरडत होते. मावशी म्हणाली, "बघ, कोचलाही भोवलं." शेवटी शेवटी तर नॉर्वेला पेनल्टी. मावशी टीव्हीकडे पाठ करून भिंतीला कपाळ टेकून उभी. गेंचोकाकांनी बाटली उघडली, पण प्यायचं विसरले.

यासेन उजवीकडे झेपावला. चेंडू आला मधोमध. मागे राहिलेल्या त्याच्या बुटाला लागला आणि गोलवरून बाहेर.

शून्य-शून्य. मावशी आधी रडली, मग म्हणाली, "चेरीत दम आहे."

रात्री मी मावशीकडेच होतो, तेव्हा यासेनचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"कोचचा पाय मुरगळला ना, तो माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"नॉर्वेची पोरं सांगत होती, एका बाईनं त्यांच्या बसपुढे पाणी टाकलं. मग मी ड्रेसिंग रूमच्या दारात गुपचूप पाण्याची बाटली रिकामी केली. सगळ्यात आधी कोच बाहेर पडले."

मला हसू आवरेना. तो हसत नव्हता.

"आईला बोललास तर आयुष्यभर ऐकावं लागेल मला. तिला चेरीच वाटू दे."

पलीकडच्या खोलीत मावशी सेमीफायनलसाठी जर्दाळूची बरणी पुसत होती.

"नाही सांगत," मी म्हणालो. "आईशप्पथ, माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."