नऊ सह्यांचा खांब

शेषेरावांनी चाकूरजवळची, रस्त्यालगतची दीड एकर जमीन दवाखान्याला फुकट दिली ती पूर्ण हिशेब करून. उरलेल्या नऊ एकरांपर्यंत डांबरी सडक येणार होती, दारावरच्या दगडात वडिलांचं नाव कोरलं जाणार होतं. आणि बायकोला, गुणाबाईला, दम्याची उबळ आली की जीप शोधत हिंडायची गरज उरणार नव्हती. हा शेवटचा फायदा त्यांनी कोणाला बोलून दाखवला नव्हता.

भूकंपाला वर्ष झालं होतं. माणसं अजून घर सोडून अंगणात पत्र्याखाली निजत होती, त्यामुळे दवाखाना भूकंपाला दाद न देणारा हवा यावर एकमत होतं. उपअभियंता वसंतरावांनी नकाशात खांब एक फूट जाडीचा काढला. नकाशा वर गेला. वरच्या साहेबांनी तीन इंच वाढवून सही केली. काहीच न वाढवता सही केली तर नकाशा वाचलाच नाही असा अर्थ निघतो. त्यांच्या वरच्यांनीही तीन वाढवले. अशा नऊ सह्या झाल्या. सात वर्षांनी नकाशा खाली आला तेव्हा खांब सव्वातीन फुटांचा झाला होता आणि दोन खांबांमधली वाट जेमतेम दोन फुटांची उरली होती.

"सायेब, हितून खाट कशी जायची?" शेषेरावांनी विचारलं.

"खाट आमच्याकडे येत नाही. आरोग्य खात्याकडे येते."

"मग त्यास्नी इचारा की."

"विचारलं. इमारत ताब्यात आल्याशिवाय ते खाट मोजत नाहीत." वसंतरावांनी नकाशातल्या खांबावर थाप मारली. "निर्धास्त राहा, शेषेराव. सगळा तालुका बसला तरी हे उभं राहील."

उभं राहिलं. खाट जात नाही म्हणून रोग्याने पायी यावं असं ठरलं. पायी येणारा माणूस दाखल करण्याइतका आजारी नसतो, हे पहिल्याच महिन्यात आकड्यांवरून सिद्ध झालं. रोगी नाहीत म्हणून डॉक्टरांची पदं गोठली. तेव्हा कुठे दवाखान्याच्या समितीच्या ध्यानात आलं की मूळ अडचण डॉक्टरांची आहे, आणि डॉक्टर हवे तर ते आधी तयार व्हायला हवेत. खाट अडत होती तिथून बाक मात्र सहज जात होता. लातूरच्या आलोक सरांना मेडिकल प्रवेशाच्या क्लाससाठी इमारत मिळाली. तात्पुरती, डॉक्टर तयार होईपर्यंत. पहिल्याच वर्षी चारशे पोरं बसली.

गुणाबाईला मोठी उबळ आली ती जून महिन्यात, सकाळी दहाला. शेषेरावांनी तिला धरून पायीच आणलं.

"रोल नंबर?" दारावरच्या माणसाने विचारलं.

"रोल नंबर कशाचा आलाय, बाबा. दवाखानाच हाय न्हवं ह्यो?"

"हाय की. फकस्त अजून चालू न्हाई."

गुणाबाई शेवटच्या बाकावर टेकली. फळ्यापाशी श्वसनसंस्थाच चालू होती. आलोक सरांनी तिच्याकडे बोट करून चार पर्याय दिले. "नीट बघून घ्या. हा प्रश्न दरवर्षी येतो."

एका मिनिटात तीनशे साठ उत्तरं बरोबर आली.

"मग द्या की तिला औषध," शेषेराव म्हणाले.

"काका, औषधं पुढे कॉलेजात असतात. आमचं काम प्रवेशापर्यंत."

"अवो," गुणाबाई दोन श्वासांच्या मधे म्हणाली, "जिमीन इकली असती तर... घरची जीप आली असती."

शेवटी एक जीप मिळाली, पण सडक नव्या प्रवेशाला आलेल्या गाड्यांनी भरली होती. आडवी लावलेली पांढरी गाडी तुमची. तुम्ही ती काढली नाहीत असं कोणी म्हणणार नाही. पण चिरंजीवांच्या अर्जाची रांग सोडायची म्हणजे मागच्याला सांगून यावं लागतं, तो मागचाही नेमका फोनवर असतो; त्यात पंधरा मिनिटं गेली. चिरंजीव डॉक्टर होऊन पुण्याला जाणार, इतकंच तुम्ही फोन संपल्यावर त्या मागच्याला सांगत होतात.

जीप चाकूरला पोचली तेव्हा गुणाबाईची धाप थांबली होती.

सरकारने सिमेंट भरलं, त्याची नोंद आहे. शेषेरावांनी जमीन भरली, त्याचा सातबारा आहे. तुम्ही फी भरलीत, पावती खिशात आहे. बाकीचं गुणाबाईने भरलं.