पांढरीसाठी जोड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्यावं. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. पण झालं तेही साधंच आहे, तेव्हा तेवढे पुरतील.

इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाईट आमच्याकडे मंगळवारच्या जनावरांच्या बाजारात मिळतात. बैलांची रांग संपली की त्यांची रांग लागते, आणि त्यांच्यापुढे शेळ्या. मधे मोकळी जागा सोडावी असा बाजार समितीचा नियम आहे, कारण शेळ्या चित्रं खातात. वेबसाईटला कान नसतो, म्हणून नंबरचा बिल्ला वरच्या उजव्या कोपऱ्यात मारतात.

वेबसाईट जोडीनेच चालते. एक सांगते, दुसरी विचारते. एकटी असली तर फार तर नमुन्याचं एखादं वाक्य म्हणते, धडा शिकवत नाही, नुसती उभी राहते.

आमच्याकडे पांढरी आणि कबरी अशी जोडी होती. पांढरीवर बारीक काळी अक्षरं, चित्र एकही नाही, आणि तिने वाक्य सुरू केलं की आपल्याला मधे पाणी पिऊन येता यायचं. कबरी ठिपक्यांची होती, स्वभावाने खेळकर. दिवाळीनंतर एका सकाळी कबरी उघडलीच नाही. माझ्या भिकामामांनी जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी तिला दोन-तीनदा लोड करून पाहिलं आणि टोपी काढली. गोठ्यामागे कडुनिंबाखाली आम्ही तिला पुरलं. पाटीवर काय लिहावं ते सुचेना, तेव्हा तिच्यावर शेवटी जे उमटलं होतं तेच लिहिलं: हे पान सापडत नाही.

तेव्हापासून पांढरी अकराव्या धड्यावर उभी होती. आई तिला ओल्या फडक्याने पुसायची, समजवायची, पण ती पुढे सरकत नव्हती.

आणि मला बारावा धडा हवा होता. नाव सांगणे, गाव सांगणे, रस्ता विचारणे, हवेबद्दल बोलणे, एवढं माझं झालं होतं. अनुक्रमणिकेत बाराव्यापुढे लिहिलं होतं: एखाद्याला चहाला बोलावणे. तेराव्यापुढे लिहिलं होतं: होकार आल्यास. ती ओळ मी बोटाने झाकून ठेवायचो.

मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करतो. माझ्यासमोरच्या टेबलावर अलका घडातले खराब मणी कात्रीने काढते. ती डोंगराकडच्या गावची आहे. हंगाम संपला की तिकडच्या बायका टेम्पोत बसून परत जातात, आणि हंगाम गुरुवारी संपणार होता. अलकाला चहाला बोलवायचं असं मी बरेच दिवस ठरवत होतो, पण मराठीत सुरुवात केली की माझे कान तापतात आणि मी कात्री शोधायला लागतो, हातात असली तरी. इंग्रजीत बोलावलं तर लाजही इंग्रजीतच वाटेल आणि ती मला नीट कळणार नाही, असा माझा विचार होता.

घरी हे कोणाला माहीत नव्हतं. मामांना वाटायचं, मला सुपरवायझर व्हायचं आहे.

"गोरख, या मंगळवारी एकतर पांढरीला जोड आणू, नाहीतर तिला देऊन टाकू," मामा म्हणाले. "उभ्या उभ्या नेट खाते."

मामा बैलांचे जाणकार आहेत, त्यामुळे वेबसाईटही त्यांना कळते. मंगळवारी पांढरीला घेऊन आम्ही बाजारात गेलो. बाजारात इस्माईलभाई नावाचे व्यापारी आहेत. त्यांच्या दावणीला एक केशरी वेबसाईट होती. ती दिसायच्या आधी ऐकू आली. ती टाळ्या वाजवत होती.

"अक्षरं बघा मामा, आंब्याएवढी," इस्माईलभाई म्हणाले. "कोपरे गोल. पोराला कुठं खुपायचं नाही. आणि मोबाईलवर घ्या, कशी अंग चोरून बसते बघा."

मामांनी तिचा मेनू उघडून आत पाहिलं. "चार दाती आहे, म्हणजे वयाने तरणी. भाषा कशी आहे?"

केशरीने लगेच एक इंग्रजी वाक्य म्हटलं आणि खाली मराठीत अर्थ दिला: माझ्या मावशीचे जहाज बर्फात अडकले आहे. मग स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

"हे वाक्य कधी लागतं?" मी हळूच विचारलं.

"मावशी आहे का तुला?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"आहे. सिन्नरला."

"मग? वेळ काय सांगून येते?"

तेवढ्यात मामांना शिंक आली. केशरीने टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले.

"उथळ आहे," मामा टोपी झटकत म्हणाले. "आमची पांढरी जुन्या वळणाची. तिला हे सोसायचं नाही. दुसरी दाखवा."

इस्माईलभाईंनी मागच्या बाजूने सावळी आणली. मला ती बघताक्षणी आवडली. राखाडी अंग, मध्यम अक्षर, बटण एकच. तिने मला इंग्रजीत विचारलं, तुझं नाव काय? आणि ती थांबली. बाकीच्यांच्या अंगावर घड्याळ पळत असतं, हिच्या अंगावर घड्याळच नव्हतं. मी घाम पुसला, चप्पल नीट घातली, मग नाव सांगितलं. तोवर ती थांबली होती. तिची वाक्यंही कामाची होती. हा घड चांगला आहे. तो घड खराब आहे.

"हीच," मी मामांना म्हणालो.

नियमाप्रमाणे जोडी आधी समितीच्या पट्टीवर चालवून बघावी लागते. आम्ही पांढरीला आणि सावळीला जुंपलं.

पांढरी सावळीने विचारायची वाट बघू लागली. सावळी पांढरीने सांगायची वाट बघू लागली. इस्माईलभाई नमाज पढून आले, त्या तशाच उभ्या होत्या. मामांनी उसाचा रस पिऊन घेतला. शेळ्यांचा बाजार उठला. दोघी एकमेकींना अदबीने जागा देत उभ्याच.

"फार संस्कारी जोडी," इस्माईलभाई म्हणाले.

"मूर्तीसारखी," मामा म्हणाले. "चालायची नाही."

भोंग्यावरून समितीच्या कारकुनाने सांगितलं की फाटक बंद होत आहे, व्यवहार उरकावेत. मामांनी पांढरीच्या अंगावरून हात फिरवला आणि दोर इस्माईलभाईंच्या पुढे धरला. मला बोलायचं होतं, पण नेहमीप्रमाणे मी काहीतरी शोधायला लागलो. काय शोधतोय तेही मला माहीत नव्हतं.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोर काही घेतला नाही. "मामा, एकदा केशरीला लावा. माझ्या समाधानासाठी."

"अहो, ती तिला वेड लावील."

"मग उद्या मला शिव्या द्या."

केशरीला जुंपलं. तिने लगेच विचारलं. पांढरीने सवयीने अकराव्या धड्याचा नियम सांगायला सुरुवात केली. तो फार लांब आहे आणि त्यात तीन अपवाद आहेत. पहिल्याच अपवादाला केशरीने टाळ्या वाजवल्या.

पांढरी थांबली. तिच्यासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माझ्यासाठीही नाही, म्हणून मला ते लगेच कळलं. तिची अक्षरं जराशी मोठी झाली. तिने दुसरा अपवाद सांगितला, थोडा जोरात. टाळ्या. तिसरा सांगताना तिने पाऊल टाकलं.

"चालली!" मामा ओरडले. केशरीने मामांनाही टाळ्या दिल्या.

मग त्या पळाल्या. पट्टी संपली तरी थांबेनात. बैलांच्या रांगेतून कागद उधळत गेल्या, मागे मी, माझ्यामागे मामा, त्यांच्यामागे त्यांच्या उपरण्याचा शेव धरून इस्माईलभाई. वाटेत केशरीने एका खिल्लार बैलाला इंग्रजीत नाव विचारलं, आणि त्याच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ते सांगितलं. रसाच्या गाड्याला वळसा घालून दोघी कारकुनाच्या टेबलापाशी थांबल्या तेव्हा पांढरीवर बाराव्या धड्याचं नाव आलं होतं. मी हसत होतो. इतका, की माझ्या बरगड्या दुखल्या.

कारकून गंभीर होते. "नवीन पासवर्ड आणलाय?"

बैल विकताना जुनं दावं विकणारा देत नाही, घेणाऱ्याने नवीन आणायचं असतं. वेबसाईटच्या पासवर्डचंही तसंच आहे. मामांनी नवं दावं आणलं होतं. पासवर्ड आम्ही विसरलो होतो.

"आत्ता सांगा. तोंडी, मोठ्याने, दोन साक्षीदारांसमोर. नाहीतर पुढच्या मंगळवारी या."

पुढच्या मंगळवारी टेम्पो गेलेला असणार होता.

"भिकाजी," मामा म्हणाले. केशरीवर लाल अक्षरात आलं: कमकुवत.

"अहो, कमकुवत कोणाला म्हणता?" मामांनी कारकुनाला विचारलं.

मग मी तोंडातल्या तोंडात एक नाव म्हणालो.

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाले आणि भोंग्याचा माईक माझ्यापुढे धरला. "इथे."

माझे कान तापले. मी चप्पल बघितली, आभाळ बघितलं, पांढरीवरचं बाराव्या धड्याचं नाव बघितलं.

"अलका," मी म्हणालो. ते सगळ्या बाजारावरून जाऊन टेकडीला लागलं आणि परत आलं.

केशरीवर हिरव्या अक्षरात आलं: मजबूत. आणि तिने इतक्या टाळ्या वाजवल्या की दावणीचे बैल उठून उभे राहिले.

"आकडा लागतो," कारकून म्हणाले.

"एक."

"अलका एक," त्यांनी नोंदीसाठी भोंग्यावरून पुन्हा सांगितलं.

जोडी घेऊन आम्ही घराकडे निघालो. पाणंदीत वळल्यावर मामा म्हणाले, "कोण अलका?"

"पासवर्ड आहे, मामा."

"बरं," मामा म्हणाले. आईने दारात केशरीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या बिल्ल्याखाली हळदकुंकू लावलं. केशरीने आईला टाळ्या दिल्या. आई आत जाऊन पुन्हा बाहेर आली, उगीचच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोडी घेऊन पॅकहाऊसला गेलो आणि सायकलींच्या शेजारी चिंचेला बांधली. अलका दारातच उभी होती, हातात कात्री.

"काय हो गोरखशेठ, आमच्या टेम्पोवाल्याला तुमचा पासवर्ड पाठ झालाय," ती म्हणाली. "आणि एक कशाला? दोन नंबरला कोण आहे?"

बायका हसल्या. मी कात्री शोधायला लागलो. तेवढ्यात मागे केशरीने विचारलं आणि पांढरीने, घाई न करता, बाराव्या धड्याचं वाक्य सांगितलं. मी ते तिच्यामागोमाग अलकाकडे बघून म्हणालो. विल यू हॅव टी विथ मी. सगळं म्हणालो, मधे न थांबता.

अलकाची कात्री उघडीच राहिली. मग ती इंग्रजीत म्हणाली की तिच्या मावशीचं जहाज बर्फात अडकलं आहे. तिच्या घरीही केशरीच्याच जातीची एखादी असणार.

केशरीने टाळ्या वाजवल्या. पण ती शिंकेलाही वाजवते, म्हणून मी वळून पांढरीकडे पाहिलं. पांढरी तेराव्या धड्यावर गेली होती.

मी कँटीनच्या खिडकीशी गेलो आणि दोन चहा सांगितले. मराठीतच.