दोन राखणदार आणि एक पोपट

"आपल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस? माझ्या हयातीत शक्य नाही!"

निवृत्त हेडकॅशियर खुर्चीत ताठ बसून म्हणाले. बँकेतली सगळी नोकरी त्यांनी तिजोरीसमोर काढली होती. तिजोरीचं दार दोनदा ओढून पाहिल्याशिवाय ते कधी घरी निघाले नाहीत. निवृत्त झाल्यावर ही सवय फ्रिजच्या वाट्याला आली.

निमित्त झालं शेजारच्या मास्तरांचं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गिळून बसला. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत म्हणे!

"आजच बंदोबस्त करतो," हेडकॅशियर म्हणाले.

"बंदोबस्त करा नाहीतर पूजा करा," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "पण माझ्या पोपटाला धक्का लागला, तर याद राखा!"

हा पोपट म्हणजे त्यांच्या मुलाची करामत. शाळेत असताना त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक वेडावाकडा हिरवा पोपट यायचा. चोचीपेक्षा डोळा मोठा, शेपूट उलट्या बाजूला. आणि मुलाच्याच, अजून न फुटलेल्या आवाजात ओरडायचा, "आई, मी आलो! भूक लागली!"

मुलगा आता दूर नोकरीला होता. फोनवर त्याचा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा घुमायचा. तो लवकरच बाप होणार होता. पण दुपारची भांडी आवरली की बायको हात पुसून बाहेरच्या खोलीत यायची, कॉम्प्युटरवरचं फुलाफुलांचं कापड काढायची, बटण दाबायची, पोपट ऐकायची आणि आत निघून जायची. कॉम्प्युटरशी तिचं दुसरं काही काम नव्हतं. नवा घ्यायचा विषय निघाला की ती म्हणायची, "त्यात तो बोलेल का?"

हेडकॅशियर संध्याकाळी त्यावर पत्त्यांचा डाव मांडायचे. मात्र दुसरा डाव रंगात आला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. "दमला बिचारा," असं म्हणून ते उठायचे, टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचे आणि बायकोबरोबर फिरायला जायचे. हा नेम मुलाच्या शाळेपासूनचा.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला, त्याने बॅग उघडली.

"साहेब, फुकटचा अँटीव्हायरस टाकू की विकतचा?"

"फरक काय?"

"काम दोघांचं एकच. फुकटचा मध्ये मध्ये 'मला विकत घ्या' म्हणून मागे लागतो. विकतचा जरा जास्त कडक."

"फुकट राखण करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये," हेडकॅशियर गंभीरपणे म्हणाले.

"अस्सं?" बायको दारात येऊन उभी राहिली. "लग्न झाल्यापासून हे घर कोण राखतंय? आणि पगार कोण देतंय?"

दुरुस्तीवाल्याने घाईघाईने कीबोर्ड पुसायला घेतला. हेडकॅशियर खाकरले.

"दोन्ही टाका!"

"दोन्ही? अहो साहेब, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत!"

"आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे. दोघं मिळून लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. मॅनेजरचं आणि माझं कधी पटलं नाही, म्हणून तर तिजोरी सुरक्षित राहिली! एकाने काही म्हटलं तर ऐकायचं नाही. दोघांनी म्हटलं तर विचारायचं नाही. टाका दोन्ही!"

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही टाकले. जाताना एवढंच म्हणाला, "काही झालं तर फोन करा." 'तर' या शब्दावर त्याने उगाच जोर दिला असं बायकोला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही राखणदार कामाला लागले आणि पहिला चोर त्यांना लगेच सापडला. फुकटच्याने विकतच्याला पकडलं! 'हा संशयास्पद आहे, काढून टाकू का?' हेडकॅशियरांनी 'नको' दाबलं. लगेच विकतच्याने फुकटच्याला पकडलं. पुन्हा 'नको'! एकाच नळावर दोन शेजारणी आल्यासारखी दोघांची जुंपली. कॉम्प्युटर इतका मंद झाला की माउस हलवून चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे बाण जागचा हलायचा.

पण हेडकॅशियर खूश होते! "अगदी मॅनेजर आणि मी! एकमेकांवर असाच डोळा पाहिजे!"

आणि अचानक चमत्कार झाला. दोन्ही राखणदारांनी एकाच वेळी, एकाच फाईलकडे बोट दाखवलं. फाईलचं नाव असं, की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं. 'धोकादायक. कायमची काढून टाकू का?' फुकटच्याने विचारलं. 'धोकादायक. कायमची काढून टाकू का?' विकतच्यानेही विचारलं.

हेडकॅशियरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. दोन किल्ल्या! एकमत! त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि तिजोरीला किल्ली फिरवावी तशा रुबाबात दोन्हीकडे 'हो' दाबलं.

दुपारी बायकोने हात पुसले, कापड काढलं, बटण दाबलं.

पोपट आला नाही.

तिने बंद करून पुन्हा सुरू केला. मग स्पीकरची वायर हलवून पाहिली. मग कापड पुन्हा नीट घातलं आणि आत गेली. ओरडली असती तर हेडकॅशियर सुटले असते! पण ती तांदूळ निवडत बसली. संध्याकाळी ताट वाढलं तेही पाहुण्याला वाढावं तसं.

तरी त्यांनी एक बाजू मांडून पाहिली. "पण अगं, फायदा बघ! हळूहळू का होईना, आज माझे पाच डाव झाले, एकदाही बंद पडला नाही! दमतच नाही आता!"

"खेळा मग," ती म्हणाली. फिरायला जायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा हेडकॅशियर टेबलाच्या मागे दबा धरून बसले होते. तिने बटण दाबताच त्यांनी जमेल तितका बारीक आवाज काढला, "आई, मी आलो! भूक लागली!"

दाराच्या बिजागरीत म्हैस अडकल्यासारखा तो आवाज होता.

"उठा," बायको म्हणाली. "गुडघे धरतील." पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते हसण्याने नव्हे. हेडकॅशियरांनी मुकाट्याने फोन उचलला.

मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसत सुटला.

"बाबा, बरोबर पकडलं त्यांनी. तो व्हायरसच होता!"

"काय?"

"लपून बसायचा, कुणाला न विचारता कॉम्प्युटर बंद करायचा. आणखी कशाला व्हायरस म्हणतात? पोपट नुसता दाखवायला होता."

"म्हणजे तो दमायचा नाही?"

"तुम्ही पत्ते खेळायला बसलात की उठायचं नाव नाही. आई रोज चपला घालून दारात उभी. शेवटी तीच म्हणाली, काहीतरी कर बाबा याचं."

हेडकॅशियरांनी वळून पाहिलं. बायको कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत होती.

"अगं, इतकी वर्षं मी त्याला पंख्याचा वारा घालतोय!"

"मी कुठे अडवलं?" ती म्हणाली. "वाऱ्याने कुणाचं वाईट होत नाही."

"पण पोपट गेला की रे!" हेडकॅशियर फोनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज आता खरंच बारीक झाला होता.

"माझ्याकडे आहे ना. पाठवतो."

"तुझ्याकडे कशाला?"

"त्याच्या शेवटी नीट ऐका. मागून आई ओरडते, 'आधी हात धुऊन ये!' मी ऐकतो कधी कधी."

पोपट आला. दोन्ही राखणदार एका सुरात किंचाळले, 'धोका! धोका!' हेडकॅशियरांनी पुन्हा मुलाला फोन लावला, त्याने सांगितलं तसं एकेक बटण दाबत दोघांनाही सन्मानाने निवृत्त केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. वेडावाकडा पोपट ओरडला. बायकोने कान स्पीकरला लावला आणि शेवटी मागून येणारा तो तरुण, खणखणीत आवाज ऐकून लाजली.

त्या संध्याकाळी दुसरा डाव रंगात आला आणि कॉम्प्युटर बंद पडला. हेडकॅशियर उठले, सवयीने टेबलफॅनकडे हात नेला, ओशाळून मागे घेतला. दारात बायको चपला घालून उभी होती.

कोपऱ्यावर दुरुस्तीवाला दुकानाचं शटर ओढत होता.

"काय साहेब, मिटलं ना भांडण? शेवटी कोणता ठेवला, फुकटचा की विकतचा?"

"दोन्ही काढले," हेडकॅशियर हळूच म्हणाले. "इंटरनेटची वायरही काढली."

"मग आता आत काय आहे?"

"व्हायरस," ते म्हणाले. "घरचा आहे."